वाचकांचे प्रश्न : एल्फिन्स्टन नेमके कोणते?

गेल्या अंकात डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यावर जो लेख आला, त्यात ते मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत शिकल्याचा उल्लेख होता. त्या एका नावावरून पेडण्यापासून वास्कोपर्यंतच्या वाचकांनी पत्रे पाठवली आहेत. प्रश्न वेगवेगळे असले तरी सगळ्यांच्या मुळाशी एकच आडनाव असल्यामुळे या वेळचे संपूर्ण सदर त्यालाच दिले आहे.

प्रश्न : भाऊ दाजी आमच्या मांद्र्याचे, याचा आम्हां गावकऱ्यांना अभिमान आहे. ते ज्या एल्फिन्स्टन संस्थेत शिकले, तिला ज्या गव्हर्नरसाहेबांचे नाव होते, त्यांचेच नाव मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाला दिले होते का? शाळेतल्या मुलांनी मला हा प्रश्न विचारला आहे. (एक शिक्षक, मांद्रे)

नाही. दोघेही एल्फिन्स्टन आणि दोघेही मुंबईचे गव्हर्नर. पण माणसे दोन आहेत, आणि त्यांचे नाते काका-पुतण्याचे आहे. शिक्षणसंस्थेला काकांचे नाव मिळाले, स्थानकाला पुतण्याचे. मुंबईतल्या लेखकांच्याही लिखाणात हा घोटाळा वारंवार आढळतो, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो.

काका म्हणजे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. जन्म 1779 चा. स्कॉटलंडमधल्या अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टन यांचे ते चौथे पुत्र. त्या देशाच्या रिवाजाप्रमाणे लॉर्ड ही पदवी थोरल्या मुलाकडे जाते, त्यामुळे धाकट्यांना आपली वाट आपणच शोधावी लागे. माउंटस्टुअर्ट लहान वयातच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आले. 1803 मध्ये मराठ्यांविरुद्धच्या असईच्या लढाईत ते इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली यांच्या बरोबर होते, पुढे नागपूरला रेसिडेंट, म्हणजे दरबारातले कंपनीचे वकील, झाले आणि त्यानंतर पुण्याला. मराठी माणसाला त्यांचे नाव मुख्यतः ठाऊक आहे ते पुण्याच्या कारकिर्दीमुळे, कारण दुसऱ्या बाजीरावांची पेशवाई संपली तेव्हा इंग्रजांच्या बाजूने सर्व सूत्रे त्यांच्याच हाती होती. 5 नोव्हेंबर 1817 रोजी खडकीची लढाई झाली. त्या दिवशी ते मुळा-मुठेच्या संगमावरची रेसिडेन्सी सोडून खडकीच्या छावणीकडे निघून गेले, आणि त्यांच्या मागे पेशव्यांच्या लोकांनी रेसिडेन्सी जाळून टाकली. त्या आगीत त्यांची पुस्तके व कागदपत्रेही गेली. ग्रंथांवर जीव असलेल्या माणसाची ही हानी होती, हे मराठ्यांच्या बाजूने इतिहास वाचतानाही नमूद करावेसे वाटते.

1819 ते 1827 या काळात ते मुंबईचे गव्हर्नर होते. ज्यांनी पेशवाई बुडवली, त्यांनीच जिंकलेल्या मुलखात शाळा निघाव्यात आणि देशी भाषांत पुस्तके व्हावीत म्हणून मनापासून खटपट केली. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीसाठी दुसरी झाकू नये. ते निवृत्त होऊन निघाले तेव्हा मुंबईच्या नागरिकांनी वर्गणी काढून दोन लाखांवर रुपये जमवले आणि त्यांतून त्यांच्या नावाने अध्यापकांच्या जागा निर्माण केल्या. त्या निधीतून पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन उभी राहिली आणि तिच्यातूनच 1856 मध्ये एल्फिन्स्टन कॉलेज वेगळे झाले. पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर तेथे शिकवीत, दादाभाई नौरोजी तेथे गणिताचे प्राध्यापक झाले, आणि कितीतरी वर्षांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच कॉलेजातून पदवीधर झाले. आपले भाऊ दाजी याच परंपरेतले. नव्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगीज अमलाखालच्या, पेडणे महालातला हा मुलगा मुंबईला जातो, इंग्रज गव्हर्नराच्या नावाच्या संस्थेत शिकतो आणि पुढे प्राचीन शिलालेखांचा मोठा अभ्यासक म्हणून नाव कमावतो, हे मुलांना जरूर सांगावे.

आता पुतणे. यांचे नाव जॉन, तेरावे लॉर्ड एल्फिन्स्टन, माउंटस्टुअर्ट यांच्या थोरल्या भावाचे पुत्र. ते आधी 1837 ते 1842 मद्रासचे गव्हर्नर होते आणि 1853 ते 1860 मुंबईचे. 1857 चा उठाव त्यांच्या काळात झाला, आणि त्याच वर्षी मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, त्याचे पहिले कुलपतीही तेच. मुंबईचे रेल्वे स्थानक त्यांच्या नावाचे होते. आज ज्याला आपण हॉर्निमन सर्कल म्हणतो, ते पूर्वीचे एल्फिन्स्टन सर्कलही त्यांच्याच नावाचे. मुलांना लक्षात ठेवायला सोपे जावे म्हणून एवढे सांगा की शाळा-कॉलेज आले की काका, रेल्वे आणि चौक आला की पुतण्या. काका कधीही लॉर्ड नव्हते, त्यामुळे एखाद्या पुस्तकात ‘लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी पेशवाई जिंकली’ असे दिसले तर ते वाक्य तिथेच दुरुस्त करावे.

प्रश्न : पहिल्या अफगाण युद्धात काबूलमध्ये ज्यांच्या फौजेचा सर्वनाश झाला ते जनरल एल्फिन्स्टन, आणि काबूलच्या राज्याविषयी ग्रंथ लिहिणारे एल्फिन्स्टन एकच का? एकाच व्यक्तीला त्या देशाची एवढी माहिती असूनही एवढा पराभव कसा पत्करावा लागला? (इतिहासाची विद्यार्थिनी, फोंडा)

आपण विचारलेला प्रश्न फार चांगला आहे, कारण दोन माणसांना एक मानले की तो जसा आपल्याला पडला तसाच पडतो. ती दोन असल्याचे कळले की त्या युद्धाची खरी शोकांतिका नजरेस येते.

ग्रंथ लिहिणारे म्हणजे वर सांगितलेले माउंटस्टुअर्ट. 1808 मध्ये कंपनीने त्यांना काबूलचा राजा शाह शुजा याच्या दरबारी वकील म्हणून पाठवले. शाहाचा मुक्काम त्या वेळी पेशावरला होता, तेथेच भेट झाली आणि तहही तेथूनच झाला. म्हणजे काबूलच्या राज्यावर एवढा मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या या गृहस्थांनी काबूल शहर पाहिलेच नव्हते. तरीसुद्धा व्यापारी, मौलवी, प्रवासी अशा नाना प्रकारच्या लोकांना विचारून, त्यांचे बोलणे एकमेकांशी ताडून पाहून त्यांनी जी माहिती जमवली, ती 1815 मध्ये प्रसिद्ध झाल्यावर पुढची अनेक वर्षे प्रमाण मानली गेली. इकडे शाह शुजा लवकरच गादी गमावून बसला आणि लुधियान्यास इंग्रजांच्या आश्रयाला आला.

जनरल एल्फिन्स्टन यांचे पूर्ण नाव विल्यम जॉर्ज कीथ एल्फिन्स्टन. हे माउंटस्टुअर्ट यांचे सख्खे चुलत भाऊ. दहाव्या लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या मुलांपैकी एक अकरावे लॉर्ड झाले, ते माउंटस्टुअर्ट यांचे वडील. दुसरे विल्यम फुलर्टन हे ईस्ट इंडिया कंपनीचे डायरेक्टर झाले, ते जनरलांचे वडील. आणि तिसरे जॉर्ज कीथ हे आरमारात गेले. त्यांच्याविषयी पुढे सांगतो. जनरल तरुणपणी चांगले लढवय्ये होते, 1815 मध्ये नेपोलियनविरुद्ध वॉटर्लूच्या रणांगणावर त्यांनी एका पलटणीचे नेतृत्व केले होते. पण 1841 मध्ये त्यांना काबूलच्या फौजेवर नेमले तेव्हा ते साठीच्या घरात होते आणि गाउटच्या, म्हणजे सांध्यांच्या, दुखण्याने इतके जर्जर झाले होते की त्यांना नीट हिंडणेफिरणेही कठीण होते.

1839 मध्ये इंग्रजांनी फौज नेऊन शाह शुजाला पुन्हा गादीवर बसवले. ही मोहीम ठरत होती तेव्हा माउंटस्टुअर्ट इंग्लंडमध्ये निवृत्त जीवन जगत होते. त्यांनी एका पत्रात स्पष्ट लिहिले होते की कंदाहार आणि काबूल घेता येईल, शाहाला गादीवरही बसवता येईल, परंतु त्या गरीब, थंड, दुर्गम आणि दूरच्या मुलखात, तसल्या बंडखोर लोकांमध्ये त्याला टिकवून धरणे आपल्याला अशक्य दिसते. हे त्यांचे बोल त्यांच्याच घरच्या माणसावर उलटले. 2 नोव्हेंबर 1841 रोजी काबूलमध्ये उठाव होऊन इंग्रज अधिकारी अलेक्झांडर बर्न्स मारले गेले. डिसेंबरमध्ये इंग्रजांचे तेथील मुख्य वकील मॅकनॉटन यांची हत्या झाली. या काळात जनरलांना कोणताही निर्णय ठामपणे घेता आला नाही. एका अधिकाऱ्याचे ऐकावे, मग दुसऱ्याचे, मग पुन्हा पहिल्याचे, असे आठवडे गेले. 6 जानेवारी 1842 रोजी सुमारे साडेचार हजार सैनिक आणि बारा हजारांच्या आसपास नोकरचाकर, बायकामुले असा जमाव बर्फातून जलालाबादकडे निघाला. त्या सैनिकांत इंग्रज थोडे होते, बहुतेक शिपाई हिंदुस्थानी होते. 13 जानेवारीला फौजेतले डॉ. ब्रायडन जखमी अवस्थेत, थकलेल्या घोड्यावरून जलालाबादच्या कोटाशी पोहोचले, आणि त्या दिवशी तेथे पोहोचलेले ते एकटेच युरोपीय होते. जनरल वाटेतच अफगाणांच्या ताब्यात गेले आणि एप्रिलमध्ये कैदेतच वारले.

विद्यार्थिनी म्हणून आपण एक गोष्ट मुद्दाम टिपून ठेवावी. त्याच जानेवारी महिन्यात तेरावे लॉर्ड एल्फिन्स्टन मद्रासच्या गव्हर्नरपदावर होते, आणि माउंटस्टुअर्ट यांचा हिंदुस्थानच्या इतिहासावरील ग्रंथ आदल्याच वर्षी, 1841 मध्ये, लंडनला प्रसिद्ध झालेला होता. म्हणजे एकाच वेळी एक एल्फिन्स्टन राज्य करीत होते, एकांचा इतिहास लोक वाचत होते, आणि तिसरे स्वतःच इतिहासाचा सर्वांत काळा अध्याय होऊन बसले होते. कागदपत्रांत नुसते ‘एल्फिन्स्टन’ एवढेच लिहिलेले असते. तेव्हा प्रत्येक ठिकाणी पहिले नाव, हुद्दा आणि साल या तिन्ही गोष्टी पाहिल्याखेरीज पुढे जाऊ नये. अपयशाचे माप ज्याचे त्याच्याच पदरात घालावे, यशाचेही तसेच.

प्रश्न : मी तारवटी आहे. आखाताच्या तोंडाशी, ओमानच्या मुसंदम भागात डोंगरांमधून आत गेलेल्या खाडीला जुन्या नकाशात एल्फिन्स्टनचे नाव असल्याचे जहाजावरच्या एका अधिकाऱ्याने सांगितले. तांबड्या समुद्रातही त्याच नावाची जागा आहे म्हणे. जगभर ही नावे कशी पसरली? (एक वाचक, वास्को)

आपल्या अधिकाऱ्याने सांगितले ते बरोबर आहे. त्या खाडीचे स्थानिक नाव खोर शाम, आणि इंग्रजांच्या नकाशांत ती एल्फिन्स्टन इनलेट म्हणून दाखवलेली असे. तिच्यात एक लहानसे बेट आहे, त्याला आजही टेलिग्राफ आयलंड म्हणतात. 1864 मध्ये हिंदुस्थान आणि युरोप यांना जोडणारी तार कराचीकडून आखातात समुद्राच्या तळाशी टाकण्यात आली, तेव्हा या बेटावर तारेचे ठाणे होते. चारही बाजूंना उघडे डोंगर, त्यामुळे वारा नाही, आणि उन्हाळ्यात अंगाची लाही करणारी उष्णता. अशा ठिकाणी काही थोडी माणसे बसून मुंबई-लंडनचे निरोप पुढे पाठवीत. काही वर्षांतच ते ठाणे तेथून हलवण्यात आले. आखातात नोकरी केलेल्या आपल्या गोवेकरांना त्या उन्हाची कल्पना वेगळी सांगायला नको.

तांबड्या समुद्रातली जागा म्हणजे इजिप्तमधल्या मार्सा आलमजवळचा एल्फिन्स्टन रीफ, हा प्रवाळाचा लांबट खडक असून पाणबुड्यांमध्ये तो फार प्रसिद्ध आहे. याशिवाय ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात मेलबर्नहून बेंडिगोकडे जाणाऱ्या वाटेवर एल्फिन्स्टन नावाचे गाव आहे, कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात एक आहे, आणि त्याच देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर गिब्सन्स गावाच्या माथ्यावर माउंट एल्फिन्स्टन उभा आहे. ब्रिटिश आरमाराचे सर्वेक्षक ज्या किनाऱ्याला लागत, त्याला ते बहुधा गव्हर्नर, सेनापती किंवा दर्यासारंग यांची नावे देत. तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लोकांचे स्वतःचे नाव असायचेच, खोर शामलाही होते. नकाशावर छापले जाई ते मात्र सर्वेक्षकाचे. म्हणून अशी जागा दिसली तर त्या नावाचा माणूस तेथे कधीतरी गेला असेल असे लगेच मानू नये.

आपण दर्यावर्दी आहात म्हणून ॲडमिरल जॉर्ज कीथ एल्फिन्स्टन यांच्याविषयी येथेच सांगतो. पुढे ते व्हायकाउंट कीथ या पदवीने ओळखले गेले, म्हणून पुस्तकांत बऱ्याचदा त्यांचे आडनाव दिसतच नाही, नुसते ‘लॉर्ड कीथ’ एवढेच येते. 1795 मध्ये केप ऑफ गुड होप डचांकडून घेतले गेले, त्या वेळी इंग्रज आरमार त्यांच्या हाताखाली होते. लिस्बनहून गोव्याला येणाऱ्या गलबतांना केपला वळसा घातल्याशिवाय गत्यंतर नव्हते, हे आपल्याला ठाऊकच आहे. त्या नाक्याची किल्ली अशी इंग्रजांकडे आली. नेपोलियन 1815 मध्ये इंग्रजांच्या स्वाधीन झाला तेव्हा त्याला सेंट हेलेना बेटावर पाठवण्याचा निर्णय जहाजावर जाऊन ऐकवण्याचे काम याच ॲडमिरलांकडे आले होते. पुतण्या, म्हणजे वर आलेले जनरल, वॉटर्लूवर लढला आणि सुमारे सहा आठवड्यांनी चुलत्याने हरलेल्या बादशहाला पुढचा मुक्काम सांगितला.

प्रश्न : आपल्याकडे मांद्रेकर, पेडणेकर, केरकर ही आडनावे गावांवरून आली. एल्फिन्स्टन हेही गावाचे नाव आहे का? आणि हे सगळे एकाच घराण्यातले समजायचे का? (एक वाचक, म्हापसा)

गावाचेच आहे. स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या पूर्वेला ईस्ट लोदियन परगण्यात ट्रॅनंटजवळ एल्फिन्स्टन नावाचे खेडे आजही नांदते आहे, आणि तेथील जमिनीवरून घराण्याने हे आडनाव घेतले. गंमत म्हणजे पंधराव्या शतकात घराण्याच्या थोरल्या शाखेत मुलगीच वारस उरली, आणि तिच्या लग्नाने ते मूळ गाव जॉन्स्टन घराण्याकडे गेले. धाकट्या शाखेने स्टर्लिंगच्या बाजूला एअर्थजवळ नवा वाडा बांधला आणि त्यालाही एल्फिन्स्टनच नाव दिले. पुढे लॉर्ड झाले ते या शाखेचे. कुळाचे गाव सुटले तरी आडनाव सुटत नाही, हे गोव्यातल्या कित्येक घरांना सांगायला नको. येथून उठून कारवार-मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांची आडनावे आजही आपली गावे सांगतात.

सगळे एकाच घराण्यातले मात्र समजू नयेत. आपल्याकडे साळगावातले आणि चांदोरमधले डिसोझा एकमेकांचे भाऊबंद असतीलच असे नाही, कारण बाप्तिस्म्याच्या वेळी ज्या पाद्र्याचे किंवा मानकऱ्याचे आडनाव मिळाले ते चालू राहिले. स्कॉटलंडमध्येही एखाद्या सरदाराच्या जमिनीवर राहणाऱ्या लोकांनी त्याचे आडनाव धारण करावे, अशी चाल होती.

या आडनावाच्या माणसांत मला स्वतःला सर्वांत मोठे वाटतात ते ना गव्हर्नर, ना सेनापती. ते आहेत ॲबर्डीनचे बिशप विल्यम एल्फिन्स्टन. जन्म 1431, मृत्यू 1514. त्यांनी 1495 मध्ये पोपची आज्ञा मिळवून ॲबर्डीनला विद्यापीठ स्थापन केले. त्यांच्याच प्रेरणेने स्कॉटलंडच्या राजाने 1507 मध्ये एडिंबरोच्या दोघा नागरिकांना छापखान्याची सनद दिली. त्या देशातला तो पहिला छापखाना होय. स्कॉटलंडमधल्या संतांच्या उपासना एकत्र केलेला त्यांचा प्रार्थनाग्रंथ 1510 मध्ये छापून झाला, म्हणजे ज्या वर्षी आफोंसो द आल्बुकेर्क यांनी गोवा घेतले त्याच वर्षी. गोव्यात छापखाना यायला त्यानंतर 1556 साल उजाडावे लागले, तरी हिंदुस्थानातला तो पहिलाच. छापखान्याचा वारसा सांगणाऱ्या गोव्याच्या वाचकांना या बिशपांविषयी आपुलकी वाटावी असे मला मनापासून वाटते. ॲबर्डीन विद्यापीठात लोकगीते, लोककथा आणि लोकसंस्कृती यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेला आज त्यांचे नाव आहे.

प्रश्न : स्थानकाचे नाव आता प्रभादेवी झाले आहे. मग लिहिताना कोणते नाव वापरावे? (एक गृहिणी, डिचोली)

आजच्या स्थानकाविषयी लिहाल तर प्रभादेवीच लिहावे. 2018 पासून तेच नाव आहे. जुन्या काळातील घटना सांगताना त्या वेळचे नाव लिहून पुढे ‘आताचे प्रभादेवी’ असे जोडावे, म्हणजे वाचक चुकत नाही. कॉलेजचे नाव बदललेले नाही.

प्रश्न : या नावाचे इंग्रजी स्पेलिंग दोन प्रकारे दिसते. शेवटी ‘ई’ असलेले आणि नसलेले. ही दोन वेगळी आडनावे आहेत का? (एक वाचक, मडगाव)

आडनाव एकच. अठराव्या शतकापर्यंत स्पेलिंग लिहिणाऱ्याच्या मर्जीवर असे. शेवटचे अक्षर न लिहिणाऱ्यांत एक जेम्स एल्फिन्स्टन होऊन गेले. एडिंबरोत जन्मलेले हे शिक्षक इंग्रजी जशी उच्चारली जाते तशीच लिहावी या मताचे होते, आणि त्यांनी त्या पद्धतीने पुस्तकेही छापली. लोकांनी ती पद्धत उचलली नाही.

शेवटचा ‘ई’ न लिहिणारे दुसरे म्हणजे जॉन एल्फिन्स्टन. हे इंग्रज आरमारातले अधिकारी रशियाच्या सम्राज्ञी कॅथरीन यांच्या चाकरीत गेले आणि 1770 मध्ये चेश्मेच्या लढाईत तुर्कांचे आरमार जळाले तेव्हा रशियन ताफ्याच्या एका भागाचे नायक होते. वरिष्ठांशी पटले नाही म्हणून ते परतले, पण त्यांच्या वंशाची एक शाखा बाल्टिकच्या किनाऱ्यावर राहिली. तिच्यातले हॉवर्ड एल्फिन्स्टन 1829 मध्ये बाल्टिककाठच्या लिव्होनियात जन्मले. त्यांच्या नावात मात्र शेवटचा ‘ई’ आहे. ते पुढे इंग्रज सैन्यात इंजिनियर झाले, आणि 1855 मध्ये सेव्हस्तोपोलच्या वेढ्यात, म्हणजे ज्या साम्राज्यासाठी त्यांच्या पूर्वजाने तोफा डागल्या त्याच रशियाविरुद्ध लढताना, त्यांनी व्हिक्टोरिया क्रॉस हा इंग्रजांचा शौर्याचा सर्वोच्च सन्मान मिळवला.